नाणेघाटाची चढण

सह्याद्रि हा कोंकण आणि देश यांच्यामधील तट आहे आणि घाटवाटा हे त्या तटाचे दरवाजे आहेत. यांतील कांहीं दरवाजे आज सताड उघडे आहेत. बोरघाटांतून आणि थळघाटांतून आगगाडी धांवते. कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांतून मोटारींची अहोरात्र रीघ लागलेली असते. कांहीं दरवाजे कायमचे बंद झाले. करवंदीच्या जाळ्यांनीं त्यांच्या पायऱ्या गिळून टाकल्या. या दोहोंहून निराळी अशी तिसरी एक जात आहे. जिच्या चढणीला चाकाचा स्पर्श कधीं झाला नाहीं आणि जी तरीहि मोडली नाहीं, अशा वाटांची ही जात. ठाणें जिल्ह्यांतील मुरबाडच्या बाजूनें पुणें जिल्ह्यांतील जुन्नरकडे चढणारा नाणेघाट हा त्या जातीचा शिरोमणि होय. दोन हजार वर्षें ही चढण माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनींच जिवंत ठेविली आहे.

हल्लीं जुन्नरहून घाटघर गांवावरून मोटारीनें थेट घाटाच्या माथ्याशीं जातां येतें. अंतर अठरा-वीस मैलांचें. प्रवासी कड्यावर उभा राहतो, खालचें कोंकण न्याहाळतो, दोन पावलें उतरून गुहेंत डोकावतो आणि परत फिरतो. त्यानें नाणेघाट पाहिला हें खरें. परंतु ग्रंथ शेवटच्या पानाकडून उघडून दोन पानें चाळावींत, तसें तें पाहणें झालें. या वाटेवर टाकीं आहेत, पायऱ्या आहेत, गुहा आहे, खिंड आहे, दगडी रांजण आहे, पुढें किल्ले आहेत, देऊळ आहे आणि शेवटीं लेण्यांनीं वेढलेलें जुन्नर शहर आहे. या सर्व वस्तु ज्या क्रमानें येतात, तो क्रम पाठीवर ओझें घेऊन खालून वर चढणाऱ्या माणसाच्या गरजांचा क्रम आहे. म्हणून नाणेघाटाचा इतिहास ज्यास नीट समजून घ्यावयाचा असेल, त्यानें तो खालून, एकेक पायरी चढत वाचावा.

चढण सुरू करण्यापूर्वीं माल कोठून येत होता हें पाहिलें पाहिजे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक खलाशानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेविलें. ‘पेरिप्लस’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्यांत भडोच, सोपारा, कल्याण हीं बंदरें आहेत, आणि समुद्रापासून दूर आंत असलेल्या पैठण व तेर या बाजारपेठाहि आहेत. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणहून तेर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असें त्या खलाशानें नमूद केलें आहे. पैठणहून अकीकाच्या जातीचे खडे आणि तेरहून कापसाचें जाडें व तलम कापड किनाऱ्याकडे जात असे. आतां नकाशा पुढें घेऊन कल्याणपासून पैठणपर्यंत एक सरळ रेघ ओढावी. ती रेघ सह्याद्रीचा कडा जेथें ओलांडते, त्याच्या जवळच नाणेघाट आहे, आणि घाटाच्या वर पहिली मोठी पेठ जुन्नरची आहे. बंदरें खालीं, पेठा वर, आणि मध्यें अडीच हजार फुटांहून उंच असा कातळाचा तट. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेविल्या म्हणजे नाणेघाट कां झाला, हें कोणत्याहि ताम्रपटावांचून समजतें.

त्या तटाची घडणहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं ज्वालामुखीच्या रसाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचा काळा दगड झाला. थर जेथें कठीण तेथें कडा उभा राहिला. जेथें मऊ तेथें झाडी धरणारी पायरी पडली. नाणेघाटापाशीं या कड्याला वरच्या अंगास एक अरुंद चीर पडली आहे. तिच्या एका बाजूस जो सुळक्यासारखा उंचवटा आहे, त्यास ‘नानाचा आंगठा’ म्हणतात. खालून पाहणारास तो खरोखरच वर केलेल्या आंगठ्यासारखा दिसतो, आणि जुन्या काळीं कोंकणांतून येणाऱ्या तांड्यांस दिशा दाखविण्यास एवढी खूण पुरेशी झाली असली पाहिजे.

चढणीचा आरंभ कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावरील वैशाखरे गांवाच्या पुढें होतो. आरंभीं वाट सपाटीवरून, विरळ झाडींतून जाते. मग रान दाट होतें, चढ लागतो, आणि हळूहळू मातीच्या पायवाटेंतून दगडी पायऱ्या डोकें वर काढूं लागतात. कांहीं जागीं त्या कातळांत खोदलेल्या, कांहीं जागीं दगड रचून बांधलेल्या. मोकळ्या हातानें चालणाऱ्या माणसास माथा गांठावयास अडीच-तीन तास लागतात. मिठाची गोणी लादलेल्या बैलास किती लागत असतील, याची कल्पना ज्याची त्यानें करावी. माथा जवळ आला, छाती भरून आली, घसा कोरडा पडला, म्हणजे बरोबर त्या ठिकाणीं कातळांत कोरलेलीं पाण्याचीं टाकीं येतात. आरामखुर्चींत बसून नकाशा काढणाराला टाक्याची जागा इतकी अचूक ठरवितां आली नसती. ती तहानेनें ठरविलेली जागा आहे.

यांपैकीं एका टाक्याशीं एक लहानसा कोरीव लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासानें हें टाकें दान केलें, एवढाच त्याचा आशय. प्राकृतांत टाक्याला ‘पोढि’ असा शब्द आहे. गोविंददास कोण, त्याचा व्यापार कशाचा, या वाटेनें तो किती वेळां चढला, याविषयीं तो लेख मौन धरतो. परंतु समुद्रकांठच्या बंदरांतील एका माणसाला डोंगराच्या माथ्यावरच्या अनोळखी वाटसरूंसाठीं खडक खोदून पाणी सांठवावेंसें वाटलें, ही गोष्ट त्या एका ओळींत पुरी सांगितली गेली आहे. सोपारा आणि नाणेघाट यांचें नातें सिद्ध करणारा याहून बोलका पुरावा मागण्याचें कारण नाहीं.

टाक्यांपासून थोडें वर, खिंडीच्या ऐन तोंडाशीं, ती प्रसिद्ध गुहा आहे. सुमारें चौरस आकाराची, आंत भिंतीलगत बसावयास दगडी ओटे असलेली. बुद्धाची मूर्ति नाहीं, स्तूप नाहीं, भिक्षूंच्या खोल्या नाहींत. वाटसरूनें ओझें उतरून टेकावें, पाऊस असला तर थांबावें, अशीच तिची रचना आहे. परंतु या विसाव्याच्या जागेच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपींतील प्रत्येकीं दहा दहा ओळींचा एक प्राकृत लेख कोरलेला आहे, आणि त्या वीस ओळींनीं महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासाचें पहिलें प्रकरण उघडलें.

सन १८२८ मध्यें कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें या लेखाकडे विद्वानांचें लक्ष प्रथम वेधलें. त्या वेळीं तीं अक्षरें वाचूं शकणारा मनुष्य सगळ्या जगांत नव्हता. ब्राह्मी लिपीचें कोडें जेम्स प्रिन्सेपनें सोडविलें तें सन १८३७ मध्यें. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं या लेखांतील अंकांचा उलगडा केला, आणि सन १८८३ मध्यें जर्मन पंडित ब्यूलर यांनीं संपूर्ण लेख वाचून प्रसिद्ध केला. जुनागढच्या भगवानलालांचें शिक्षण इंग्रजी शाळेंत झालेलें नव्हतें. परंतु डॉक्टर भाऊ दाजी यांच्यासाठीं देशभर हिंडून शिलालेख उतरवून आणण्यांत त्यांची दृष्टि तयार झाली होती. पुढील काळांत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं सातवाहनांच्या कोरीव लेखांचा मराठींतून सविस्तर परामर्श घेतला. सारांश, ज्या अक्षरांवरून कित्येक शतकें बैलांच्या सावल्या सरकून गेल्या, त्यांचा अर्थ लागावयास जवळजवळ साठ वर्षें आणि कित्येक विद्वानांचे श्रम खर्चीं पडले.

लेखांत काय आहे? आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांस नमन आहे. मग सातवाहन घराण्यांतील एका राणीचें वर्णन येतें. बहुतेक अभ्यासकांच्या मतें ही सातकर्णि राजाची विधवा राणी नागनिका होय. ती एका महारठीची कन्या, राजपुत्रांची माता. पतीच्या मागें तिनें महिन्या-महिन्याचे उपवास केले, घरांत राहून तापसीचें जीवन घालविलें, असें लेख सांगतो. त्यानंतर यज्ञांची मोठी नामावळि आहे. अग्न्याधेय, राजसूय, अश्वमेध, तोहि एकदांच केलेला नव्हे. आणि प्रत्येक यज्ञाबरोबर दिलेल्या दक्षिणेचा आंकडा. कोठें १,७०० गाई आणि १० हत्ती, कोठें ११,००० गाई आणि १,००० घोडे, कोठें २४,४०० कार्षापण नाणीं. लेखाचा काळ इसवी सनापूर्वींचें दुसरें शतक कीं पहिलें, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. परंतु तो दोन हजार वर्षांच्या पलीकडचा आहे, याविषयीं वाद नाहीं.

या आंकड्यांचें महत्त्व दुहेरी आहे. एक तर भारतीय अंकांचे इतके जुने आणि इतक्या मोठ्या संख्येचे नमुने एका जागीं क्वचितच सांपडतात. त्या काळीं शून्य धरून स्थानावरून किंमत ठरविण्याची आजची पद्धति रूढ नव्हती. शंभराला वेगळें चिन्ह, हजाराला वेगळें चिन्ह, आणि त्या चिन्हालाच जोड देऊन पुढच्या संख्या लिहावयाच्या, अशी रीत होती. तरीहि कांहीं अंकांची वळणें आजच्या अंकांची आठवण करून देतात. दुसरें महत्त्व जागेचें आहे. यज्ञ राजधानींत झाले असतील, दक्षिणा ब्राह्मणांच्या घरीं गेली असेल. मग त्यांचा जमाखर्च एका घाटाच्या तोंडाशीं, जेथें बैल धापा टाकतात अशा ठिकाणीं, कां कोरावा? खालून चढणाऱ्या माणसाला या प्रश्नाचें उत्तर लगेच सुचतें. या खिंडींतून चुकून जाणें कोणालाहि शक्य नव्हतें. कल्याणचा सावकार, सोपाऱ्याचा दलाल, परदेशी यवन, गोणीवाला, हमाल, भिक्षु, ज्याला वर यावयाचें त्याला याच चिरेंतून यावें लागे, आणि यापूर्वीं तो याच गुहेंत टेके. राज्याची सत्ता प्रजेच्या डोळ्यांपुढें मांडावयास याहून गर्दीचा चव्हाटा सातवाहनांच्या मुलखांत दुसरा नव्हता.

गुहेच्या समोरच्या भिंतींत राजकुलांतील आठ व्यक्तींच्या मूर्ति होत्या. त्यांच्या वरच्या बाजूस नांवें कोरलेलीं आहेत. घराण्याचा मूळपुरुष सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णि, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. एका मूर्तीवरील नांव नष्ट झालें आहे. मूर्ति तर सगळ्याच गेल्या. आज तेथें पायांच्या खुणांपलीकडे कांहीं उरलेलें नाहीं. राणीचें नांव सिमुकाच्या नांवानंतर लगेच, राजाच्या बरोबरीनें येतें, हीहि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट. सातकर्णि आणि नागनिका या दोघांचीं नांवें असलेलें चांदीचें नाणेंहि उपलब्ध झालें आहे. तेव्हां राज्यकारभारांत तिचें स्थान शोभेपुरतें नव्हतें, असें म्हणण्यास आधार आहे.

गुहा मागें टाकून खिंडीच्या अरुंद पायऱ्या चढून वर आलें कीं डाव्या-उजव्या कातळांची भिंत संपते, मोकळें आकाश दिसतें, आणि वाटेच्या कडेला एक मोठा दगडी रांजण दिसतो. हा जकातीचा रांजण. वर येणारा व्यापारी यांत नाणीं टाकी आणि त्यावरूनच घाटाला नाणेघाट हें नांव पडलें, असें परंपरा सांगते. रांजणावर तसें कोरलेलें नाहीं, आणि इतिहासकाराला परंपरा पारखूनच घ्यावी लागते. परंतु घाटावर जकात घेतली जात असली पाहिजे आणि राणीच्या यज्ञांतील दक्षिणेचा कांहीं भाग तरी या व्यापाराच्या उत्पन्नांतून आला असला पाहिजे, असा तर्क अनेक अभ्यासकांनीं केला आहे, तो सयुक्तिक आहे. टाकें बंदरच्या दात्याचें, गुहा राजाची, आणि त्या दोहोंच्या पुढें जकातीची जागा. आधीं पाणी, मग विसावा, मग कर. चढणाऱ्या माणसाची मनःस्थिति ज्यांना ठाऊक होती, अशाच लोकांनीं हा क्रम लाविला.

माथ्यावरून पुढें पाहिलें कीं दक्षिणेस जीवधन किल्ला उभा दिसतो, आणि त्याच्या कड्यापासून सुटलेला, सुमारें साडेतीनशें फूट उंचीचा वानरलिंगी नांवाचा सुळका. जीवधनाच्या एका दरवाजास कल्याण दरवाजा आणि दुसऱ्यास जुन्नर दरवाजा म्हणतात. किल्ला कशासाठीं बांधला, याचें उत्तर या दोन नांवांतच आहे. निजामशाहीच्या अखेरीस, त्या घराण्यांतील एक अल्पवयी राजपुत्र या गडावर कैदेंत होता; त्यालाच गादीवर बसवून शहाजीराजांनीं सन १६३३ च्या सुमारास पेमगिरीवरून निजामशाही सांवरण्याचा प्रयत्न केला. पुढें सन १८१८ मध्यें पेशवाई बुडाली तेव्हां जुन्नर भागांतील इतर गडांबरोबर हाहि इंग्रजांच्या हातीं पडला.

येथून जुन्नरपर्यंतची वाट कुकडी नदीच्या खोऱ्यांतून जाते. घाटघर हें माथ्यावरचें पहिलें गांव. या पट्ट्यांत महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी. पावसाळ्यांत भाताचीं खाचरें, एरवीं नाचणी-वरई, आणि रानांतला हिरडा. कोंवळा बाळहिरडा गोळा करून वाळवून विकणें हें येथील कित्येक कुटुंबांच्या नगदी उत्पन्नाचें मुख्य साधन आहे. ज्या लोकांनीं तांडे संपल्यावरहि ही वाट पायाखालीं ठेविली, ते हेच. कोंकणांतील सोयऱ्यांकडे उतरणें, गुरें वळणें, बाजार करणें, यासाठीं त्यांची पावलें या पायऱ्यांवर पडत राहिलीं नसतीं, तर राणीच्या लेखापर्यंत पोंचण्यास साइक्साला कोयता घेऊन झाडी तोडावी लागली असती.

पुढें पूर या गांवीं कुकडीच्या उगमाशीं कुकडेश्वराचें जुनें शिवमंदिर आहे. काळ्या दगडाचें, कोरीव नक्षीचें. नदीच्या उगमाशीं देऊळ बांधण्याची रूढि या भागांत दृढ आहे. त्यापुढें चावंड किल्ला. शिवकालांत त्यास प्रसन्नगड असें नांव मिळालें. त्याच्या माथ्यावर ओळीनें सात टाकीं खोदलेलीं आहेत. चावंड, हडसर, जीवधन आणि शिवनेरी हे चार गड जुन्नर आणि नाणेघाट यांच्या टापूवर पहारा करीत उभे आहेत. चालणारा प्रवासी एका गडाच्या छायेंतून निघतो न निघतो तों दुसरा दिसूं लागतो. माल मौल्यवान असला म्हणजे पहारा दाट लागतो, हें यांतून सहज दिसून येतें.

जुन्नर जवळ आलें म्हणजे शहराच्या भोंवतींच्या डोंगरांत काळ्या ठिपक्यांच्या रांगा दिसूं लागतात. हीं लेणीं. शिवनेरी, तुळजा, मानमोडी आणि लेण्याद्रि या डोंगरांत मिळून दोनशेंहून अधिक खोदकामें आहेत. एका गांवाभोंवतीं इतकीं लेणीं महाराष्ट्रांत दुसरीकडे नाहींत. यांतील दानलेख वाचले म्हणजे नाणेघाटानें वर काय काय आणलें तें कळतें. तिघा यवनांचीं दानें आहेत. धान्याचे व्यापारी, कांसार, बांबूचें काम करणारे यांच्या श्रेणींचीं, म्हणजे धंद्यांच्या संघांचीं, दानें आहेत. आणि लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचें नांव आहे. घाटाखालच्या बंदरांतील माणसानें घाटावरच्या डोंगरांत चैत्यगृह खोदविलें! सोपाऱ्याच्या गोविंददासानें वाटेंत टाकें दिलें, कल्याणच्या सुलसदत्तानें मुक्कामीं चैत्य दिला. या दोन नांवांच्या मधलें अंतर म्हणजेच नाणेघाटाची वाट. सुलसदत्ताच्या चैत्यगृहाशेजारच्या विहारांत पुढें गिरिजात्मज गणपतीची स्थापना झाली, आणि अष्टविनायकांची यात्रा करणारे लोक आज त्याच डोंगराच्या पायऱ्या चढतात.

अशा वाटेवर राजांची दृष्टि जाणारच. मानमोडी येथें क्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख आहे. त्यावरून हा मुलूख सातवाहनांच्या हातून कांहीं काळ गेला होता हें ठरतें. त्याच सुमारास पेरिप्लसकार लिहितो कीं, कल्याणास येणारीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जातात. बंदर मिळवावयाचें, घाट मिळवावयाचा, म्हणजे जकात मिळाली. दोन घराण्यांच्या त्या दीर्घ झगड्याच्या मुळाशीं हें साधें गणित होतें. पुढें दीड हजार वर्षांनींहि जुन्नरची पेठ धनाढ्यच होती. सन १६५७ मध्यें शिवाजीमहाराजांनीं दोराच्या शिड्या लावून रात्रीं शहरांत शिरून द्रव्य आणि घोडे नेले, हें प्रसिद्ध आहे. त्यांचा जन्म ज्या शिवनेरीवर झाला, तो गड मात्र त्यांच्या हयातींत मोगलांकडेच राहिला. सन १६७५ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर हा जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याच्या बोलावण्यावरून मुंबईहून निघाला. खालचें कोंकण मराठ्यांचें, वरचें जुन्नर मोगलांचें. जातांना तो वाट चुकून दुसऱ्या, अधिक बिकट चढणीनें वर गेला. परततांना नाणेघाटानें उतरला आणि ती वाट पहिलीपेक्षां पुष्कळच सुलभ असल्याचें त्यानें लिहून ठेविलें. मिठानें लादलेले बैल वर येत होते, तेहि त्याला तेथेंच आडवे आले. राजे झगडत होते, आणि मीठ चढतच होतें.

या वाटेचा उद्योग कोणत्याहि शत्रूनें बुडविला नाहीं. तो चाकानें बुडविला. सन १८३० मध्यें बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. पुढें मुंबईहून देशावर आगगाडी नेण्याचें ठरलें, तेव्हां आरंभीं नाणेघाटाच्या शेजारच्या माळशेज घाटाचाच विचार झाला होता. परंतु पाहणीनंतर ती कल्पना सोडून देण्यांत आली. सन १८६३ मध्यें बोरघाटांतून आणि सन १८६५ मध्यें थळघाटांतून आगगाडी सुरू झाली. मिठाची गोणी आगगाडीच्या डब्यांत गेली, त्या दिवशीं नाणेघाटाचा दोन हजार वर्षांचा धंदा बसला. जुन्नरची पेठ मागें पडली. कल्याणहून अहमदनगरकडे, हल्लींच्या अहिल्यानगरकडे, जाणारा मोटाररस्ताहि पुढें माळशेज घाटांतूनच गेला. हें एका परीनें नाणेघाटाचें भाग्यच समजलें पाहिजे. आगगाडीसाठीं सुरुंग लागले असते, तर गुहा, टाकीं, खिंड यांपैकीं काय शिल्लक राहिलें असतें, हें सांगणें कठीण आहे.

आतां वाटेवर नवें माणूस आलें आहे. पावसाळ्यांत रविवारीं माथ्यावर गर्दी मावत नाहीं. कड्यावरून पडणारा धबधबा खालून उसळणाऱ्या वाऱ्यानें उलटा वर फेंकला जातो, तें पाहण्यासाठीं शहरांतून लोक येतात. आणि तें दृश्य खरोखरच पाहण्यासारखें आहे. परंतु गर्दीबरोबर कचराहि येतो, कड्याच्या कांठावर अपघातहि होतात, आणि जुन्या भिंती दिसल्या कीं त्यांवर आपलें नांव ओरबाडण्याची खोड आपल्या समाजाला आहेच. राणीच्या अक्षरांवर उन्हापावसानें दोन हजार वर्षांत जो घाला घातला, त्याहून मोठा घाला एका खिळ्यानें पांच मिनिटांत घालतां येतो. एका बाजूनें ही गर्दी, तर दुसऱ्या बाजूनें पायऱ्यांची ओस चढण. मोटार वर पोंचल्यामुळें खालून चढणारे कमी झाले, तर रानाला वाट गिळावयास वेळ लागत नाहीं. किल्ला ओस पडला तरी त्याचे बुरूज शतकानुशतकें उभे राहतात. पायवाटेचें तसें नाहीं. तिच्यावरून चालणें हीच तिची डागडुजी.

म्हणून ज्या शहरी कुटुंबांना सुटीच्या दिवशीं डोंगर पाहावयाची हौस आहे, त्यांनीं एखाद्या हिंवाळी सकाळीं वैशाखऱ्याच्या बाजूनें ही चढण चढावी. मुलें थोडीं मोठीं असलीं तर त्यांनाहि न्यावें. पाणी भरपूर घ्यावें, उतरणीसाठीं दिवस शिल्लक ठेवावा, वाट माहीत असलेला गांवकरी बरोबर घ्यावा आणि त्याच्या श्रमाचें मोल त्यास द्यावें. घाटाच्या उत्पन्नांतील वाटा घाटाच्या माणसांकडे जाण्याची हीच योग्य रीत आहे. गुहेंत गेल्यावर ओट्यावर क्षणभर बसावें आणि मुलांस भिंतीवरचे अंक दाखवावे. सातवाहन राजांच्या मूर्तींचे फक्त पाय उरले आहेत, तेहि दाखवावे. आणि वर चढण्यापूर्वीं सोपाऱ्याच्या गोविंददासाचें नांव मुलांस एकदां अवश्य सांगावें. अकरा हजार गाईंचें दान ज्यांना मिळालें ते गेले, ज्यांनीं दिलें तेहि गेले. त्याच्या दानासारखीं हीं टाकीं मात्र अजून पाणी धरून आहेत.